भूत चौकटीच्या कडेला असतं : जपानी भयपटांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ‘क्युअर’ दोनदा लावला आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर सोडला. खून करणारा तर लगेच सापडतो. मग पुढे बघायचं काय?

उत्तर : खुनी लगेच सापडतो, हाच तर या चित्रपटाचा पाया आहे. कियोशी कुरोसावांचा हा 1997चा चित्रपट. खून एकामागून एक होतात. प्रत्येक प्रेतावर मानेपासून छातीपर्यंत फुलीसारखा तोच छेद, पण खुनी दर वेळी वेगळा. तो जवळपासच सापडतो, गुन्हा कबूल करतो, मात्र का केला ते त्याला सांगता येत नाही. त्यामुळे ‘कोणी केला’ हा प्रश्न इथे बाद होतो. ही गोष्ट एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते कशी, याचा शोध ताकाबे हा पोलीस अधिकारी घेतो आणि प्रेक्षकालाही तोच घ्यायचा आहे.

तिसऱ्यांदा लावाल तेव्हा मामिया या स्मृती गेलेल्या तरुणाच्या बोलण्याकडे लक्ष द्या. त्याला काहीही विचारा, तो उत्तर देत नाही. उलट समोरच्यालाच विचारतो, तू कोण? माणूस आधी आपला हुद्दा सांगतो. मामिया पुन्हा तेच विचारतो. समोरचा अडखळायला लागला की लायटरची ज्योत दिसते किंवा पाणी वाहायला लागतं. दवाखान्यातल्या प्रसंगात पेल्यातलं पाणी सांडतं आणि फरशीवरून हळूहळू पसरत जातं. पाहता पाहता आपलीही नजर त्या ओघळाच्या मागे जाते. संमोहनाचा प्रयोग पडद्यावर जितका चाललाय तितकाच आपल्यावरही चाललाय, हे तेव्हा कळतं. मोबाइल चाळत पाहिलं तर नेमकं हेच हातून निसटतं.

आणखी एक प्रसंग चुकवू नका. पोलीस चौकीपाशी एक हवालदार आपल्याच सहकाऱ्याच्या डोक्यात गोळी घालतो. उजेड स्वच्छ, कॅमेरा लांब, संगीत नाही. रोजचं काम उरकावं तसा तो खून उरकतो. कॅमेरा जवळ गेला असता तर हवालदाराच्या चेहऱ्यावर आपण राग किंवा वेड शोधलं असतं आणि सापडलं म्हणून सुटकेचा श्वास टाकला असता. लांबून ती सोय मिळत नाही. 111 मिनिटं सलग द्या. तुकड्यातुकड्यांनी हा चित्रपट चढत नाही.

प्रश्न : अंधारातले प्रसंग टीव्हीवर नुसते काळे दिसतात. ब्राइटनेस वाढवला की सगळं करडं होतं. काय करावं?

उत्तर : ब्राइटनेस आणि बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड) ही दोन वेगळी सेटिंग्ज आहेत. बहुतेक टीव्हींवर ब्राइटनेस वाढवला की काळा रंग वर उचलला जातो, म्हणून करडेपणा येतो. आधी पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर न्या. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा, कारण तो दृश्य बदललं की उजेड आपल्या मनाने वरखाली करतो. मग एखाद्या अंधाऱ्या प्रसंगावर चित्र थांबवा, काळा कोट आणि मागची गडद भिंत जेमतेम वेगळी दिसेपर्यंत ब्राइटनेस एकेक पायरी वाढवा आणि तिथेच सोडा. तुमच्या पाठीमागचा दिवा घालवा. त्याचं प्रतिबिंब नेमकं पडद्याच्या काळ्या भागात पडतं.

मोशन स्मूदिंग बंदच हवं. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून भरतो आणि भुताची अडखळती चाल गुळगुळीत होऊन जाते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे झूम. वरखालच्या काळ्या पट्ट्या नकोत म्हणून चित्र ताणलं की कडा कापल्या जातात. या चित्रपटांत जे पाहायचं ते बरेचदा कडेलाच, दाराच्या फटीत, जिन्याच्या टोकाला असतं. आस्पेक्ट रेशो (चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) ‘ओरिजिनल’ ठेवा आणि कडा न कापता पूर्ण चित्र दाखवणारा ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असा पर्याय असेल तर तोही चालू करा.

आवाजाचा नाइट मोड आणि ऑटो व्हॉल्यूम काढून टाका. ते शांतता वर आणतात, किंकाळी खाली दाबतात आणि दोन्हींतलं अंतरच संपवतात. पहिल्या पाच मिनिटांतलं साधं संभाषण नीट ऐकू येईल इतका आवाज ठेवा, नंतर रिमोटला हात लावू नका. लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरमधून खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत, तेव्हा हेडफोन घ्या. आणि डबिंग नकोच, सबटायटल्स बरी. डबिंगमध्ये मूळ श्वास आणि बोलण्यातले थांबे हमखास बिघडतात.

प्रश्न : ‘रिंग’मध्ये विहिरीतून सादाकोचा सांगाडा काढला, तरी शाप का सुटत नाही? पटकथेतली चूक आहे का?

उत्तर : (चित्रपट पाहिला नसेल तर हे उत्तर सोडून पुढे जा.) चूक नाही. हिदेओ नाकातांच्या या 1998च्या चित्रपटात एक व्हिडिओ टेप पाहणारा सात दिवसांनी मरतो आणि त्यामागे विहिरीत मारलेल्या सादाकोचा शाप असतो. पत्रकार रेइको आणि तिचा पूर्वीचा नवरा र्‍यूजी अगदी शिस्तीत तपास करतात. टेपमधल्या विचित्र वाक्याची बोली ओळखतात, तिच्यावरून इझू ओशिमा बेट गाठतात, तिथून विहिरीपर्यंत पोचतात. कोडं सुटलं, प्रेताला न्याय मिळाला, आता आत्मा शांत होणार, हा हिशेब रहस्यकथेचा आहे. सादाको त्या हिशेबात बसत नाही.

जपानी परंपरेत ‘ओन्‍र्‍यो’ म्हणजे रोष धरून राहिलेला मृतात्मा. सत्य उघड झालं एवढ्याने त्याचा रोष उतरेलच असं नाही. सुगावारा नो मिचिझाने या दरबारी विद्वानाचं उदाहरण घ्या. त्याला दाझाइफुला हद्दपार केलं, तिथेच तो 903 साली वारला. पुढे त्याच्या विरोधकांत मृत्यू होत गेले, 930 साली राजवाड्यावर वीज कोसळली आणि लोकांनी हा त्याचाच कोप मानला. दरबाराने त्याचा हुद्दा त्याआधीच परत दिला होता, तरी तेवढं पुरेसं ठरलं नाही. शेवटी क्योतोत कितानो इथे त्याला देव म्हणून बसवलं. आज विद्यार्थी परीक्षेआधी त्याच्याच पाया पडतात. म्हणजे अशा आत्म्याशी चौकशी करून भागत नाही, त्याचं काही तरी देणं लागतं आणि ते देत राहावं लागतं. ‘रिंग’मध्ये जीव वाचवायला टेपची प्रत काढून पुढे देणं हे त्या देण्याचं भेसूर रूप आहे.

सादाकोच्या आईच्या अतींद्रिय शक्तीच्या जाहीर प्रयोगामागेही खरा इतिहास आहे. तोक्योच्या विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ फुकुराई तोमोकिची यांनी 1910मध्ये मिफुने चिझुको या स्त्रीच्या अतींद्रिय दृष्टीचे प्रयोग केले. त्यांवर संशयाचं काहूर उठलं आणि 1911च्या जानेवारीत तिने विष घेतलं. फुकुराईंनी ‘नेन्शा’चे, म्हणजे मनातली प्रतिमा फोटोच्या काचेवर उमटवण्याचे, प्रयोगही केले. त्यांतल्या एका स्त्रीचं नाव होतं ताकाहाशी सादाको.

प्रश्न : प्रत्येक भूत पांढऱ्या कपड्यात आणि मोकळ्या केसांतच का?

उत्तर : पांढरा किमोनो हा प्रेताला नेसवायचा वेश. एदो काळात (1603 ते 1868) बायका केस बांधून ठेवत. मोकळे केस मरणाची किंवा भान सुटल्याची खूण झाले. पाय नसलेलं भूत 18व्या शतकात मारुयामा ओक्यो या चित्रकाराच्या नावाशी जोडलं गेलं आणि काबुकी या पारंपरिक जपानी नाट्याच्या रंगमंचाने ते घरोघरी पोचवलं. जुना चित्रपट पाहताना किमोनोची घडी पाहा : जिवंत माणसाची डावी बाजू वर असते, प्रेताची उजवी. कुरोसावांनी ‘रेट्रिब्युशन’मध्ये (2006) भुताला लाल झगा दिला आणि भर उजेडात उभं केलं. पांढऱ्याची सवय झालेल्या डोळ्यांना तो लाल रंग जास्त झोंबतो.

प्रश्न : कोणत्या क्रमाने पाहावेत?

उत्तर : आधी ‘रिंग’, कारण त्यात तपासाचा धागा हातात राहतो. मग ‘क्युअर’, मग कुरोसावांचाच ‘कैरो’ (2001, इंग्रजीत ‘पल्स’). ‘रेट्रिब्युशन’ त्यानंतरच, कारण तो ‘क्युअर’ची आठवण धरून चालतो. कोजी शिराइशींचा ‘नोरोई’ (2005) माहितीपटाच्या रूपात आहे. त्यातली नावं कागदावर टिपत पाहा, सुरुवातीला फुटकळ वाटलेलं नाव पुढे गळ्याशी येतं. ‘क्वाइदान’ (1964) हा चार भूतकथांचा चित्रपट घ्याल तर 183 मिनिटांचीच प्रत घ्या. अमेरिकेत दाखवलेल्या छोट्या प्रतीतून चारपैकी हिमस्त्रीची कथाच गाळली होती. आणि हो, कियोशी आणि अकिरा कुरोसावा यांचं नातं नाही.

प्रश्न : आम्ही 10 मिनिटांची भयपट शॉर्टफिल्म करतोय. भूत मागे उभं केलं, पण प्रेक्षक हसतात. कुठे चुकतंय?

उत्तर : बहुधा भूत फार स्पष्ट दिसतंय किंवा चौकटीत चालत येतंय. त्याने येऊ नये. शॉट सुरू होतो तेव्हाच ते तिथे असावं. नोरिओ त्सुरुता यांनी 1991पासूनच्या व्हिडिओमालिकेत हीच रीत रुजवली : भूत मागे पुसट, निश्चल, आणि पुढच्या माणसाला त्याचा पत्ता नाही.

नट कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर, भूत पाच-सहा मीटरवर ठेवा. 50 मिलिमीटर लेन्स, तिचं छिद्र (अपर्चर) एफ 2च्या आसपास आणि फोकस नटावर. एफ 5.6ला मागे साधी बाई दिसते, एफ 1.4ला नुसता डाग. माणूस आहे एवढंच कळायला हवं. भुतावरचा उजेड नटापेक्षा दोन स्टॉप कमी (म्हणजे एक चतुर्थांश), डोळे केसांच्या सावलीत. नटाला मागे वळायला लावू नका, कॅमेराही तिकडे नेऊ नका. शॉट 15 ते 20 सेकंद धरा. हसू बहुतेक वेळा संगीताच्या दणक्यावर येतं, तो काढून टाका.

चालवायचंच असेल तर ‘कैरो’तली चाल चौकट-चौकट पाहा. ती स्त्री संथपणे पुढे येते, मध्येच एक पाय मुडपतो, तोल जातो आणि ती पुन्हा सरळ होते. तो तोल जाणंच अंगावर येतं, कारण आपण मनाशी बांधलेली लय तिथे मोडते. ‘रिंग’मध्ये नटीला उलटं चालवून चित्रफीत उलटी फिरवली होती. तसं करायचं तर मागे हलता पडदा, धूर किंवा पंखा नको. उलट्या फिरणाऱ्या धुराने युक्ती लगेच उघडी पडते.

आवाजासाठी त्याच खोलीत सगळ्यांना गप्प बसवून 60 सेकंदांचा नुसता खोलीचा नाद रेकॉर्ड करा आणि तो पूर्ण प्रसंगाखाली अंथरा. भूत दिसण्याच्या दोन-तीन सेकंद आधी हा नाद 10-12 डेसिबलने उतरवा. साफ शून्यावर मात्र नेऊ नका, नाहीतर प्रेक्षक स्पीकर बिघडला समजून मागे वळून पाहतील.