नातवाचा साप आणि आजीची भीती

प्रश्न : माझं वय ६३. माहेर-सासर दोन्ही सावंतवाडीजवळचं. मुलगी इंग्लंडात लीड्सला असते. मे महिन्यात पाच महिन्यांसाठी तिच्याकडे जायचं आहे. माझ्या तेरा वर्षांच्या नातवाने तिथे कॉर्न स्नेक नावाचा साप पाळला आहे. मी आठ वर्षांची असताना गवत कापताना काकांना फुरसं चावलं होतं. त्यांचा सुजलेला हात आणि हिरड्यांतून येणारं रक्त मी पाहिलं आहे. अजूनही टीव्हीवर साप दिसला की पाय वर घेऊन बसते. मुलगी म्हणते, “आई, तू ये, साप कुणाला तरी देऊन टाकू.” ते ऐकल्यापासून नातू माझ्याशी फोनवर बोलत नाही. काय करू?

उत्तर : ताई, तुमची भीती खुळी नाही. फुरसं हातभर लांबीचं, दगडाच्या, पाल्यापाचोळ्याच्या रंगाचं. पाय पडेपर्यंत दिसत नाही. आठ वर्षांच्या मुलीने जे पाहिलं त्यावरून ती बरोबर तेच शिकली. ती भीती उपटून टाकू नका, कोकणात ती हवीच. फक्त ती कुठल्या सापाची आहे, एवढं मनाला ओळखू द्यायचं आहे.

मी चिपळूणला प्राणिशास्त्र शिकवायची, सापांची माहिती शाळाशाळांतून सांगायची. पण घरातल्या सापाशी माझी ओळख झाली ती लेकीकडे, इंग्लंडातल्याच रेडिंग शहरात. तिचा कॉर्न स्नेक मी दोन महिने सांभाळला. हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला साप. मक्याच्या कोठारात उंदरांमागे यायचा, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. दुसरं कारणही सांगतात, ते मला जास्त आवडतं : त्याचं पोट पाहा, काळेपांढरे चौकोन अगदी रंगीत मक्याच्या दाण्यांसारखे असतात. विष नाही. पूर्ण वाढला की चार-पाच फूट होतो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. नातवाचं कॉलेज संपेल तरी तो असेल, म्हणून देऊन टाकायचा विचार घाईने करू नका.

सुरुवात सावंतवाडीतच करा. नातवाला फोन करून सांगा, “पुढच्या वेळी कात टाकली की माझ्यासाठी जपून ठेव, आधी तिचे फोटो पाठव.” मागणी तुमच्याकडून गेली की तो बोलायला लागेल. रोज एकच फोटो पाहायचा, छातीतली धडधड उतरेपर्यंत. उतरायच्या आत फोन बाजूला ठेवला तर मन शिकतं की पळालो म्हणून वाचलो. तिकडे गेल्यावर पहिल्यांदा ती कात हातात घ्या. कांद्याच्या सालीसारखी कोरडी असते. साप बुळबुळीत असतो ही समजूत तिथेच निम्मी गळते. मग खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसा, पेटी बंदच. काही दिवसांनी खुर्ची थोडी पुढे. शेवटी नातवाने साप दोन्ही हातांवर तोलून धरायचा, तोंड त्याच्या बाजूला, आणि तुम्ही शेपटीकडच्या अर्ध्या भागावर दोन बोटं फिरवायची, खवल्यांच्या दिशेने. पण नातवाकडून वचन घ्या : मागून आणायचा नाही, गंमत म्हणून अंगावर टाकायचा नाही, आजी “थांब” म्हणाली की थांबायचं. हात लावलाच पाहिजे असंही नाही. एका घरात शांत झोप लागली, तरी पुष्कळ झालं. फोटो पाहूनच घाम फुटत असेल, श्वास अडकत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. अशी भीती पायरीपायरीने कमी करण्याची पद्धत त्यांच्याकडे आहे आणि तिचा गुण येतो.

एक आधीच सांगून ठेवते. हा साप घाबरला की शेपटीचं टोक थरथरवतो आणि पेटीतल्या भुशात खरखर आवाज होतो. फुरसं खवल्यावर खवले घासून जो आवाज करतं, तो तुमच्या कानात असेल तर तुम्ही दचकाल. तो आवाज निराळा. इथे साप तुम्हाला घाबरलेला असतो, बस. तो टक लावून बघतोय असं वाटेल, पण सापाला पापण्याच नसतात. जीभ सारखी बाहेर येते ती वास घेण्यासाठी.

आणि ताई, त्याच्या देखभालीत थोडा वाटा उचला. माझी धाकधूक गेली ती त्याचं पाणी बदलता बदलता. पेटीची एक बाजू साधारण २८ ते ३० अंश उबदार, दुसरी थंड, दोन्हीकडे लपायला जागा. हीटरला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर साप भाजतो. रोजचं तापमान वहीत लिहायचं काम तुम्ही घ्या. मोठ्या सापाला आठ-दहा दिवसांनी एक उंदीर पुरतो. तो मेलेला, गोठवलेला मिळतो. फ्रीजरमध्ये तुमच्या मटाराशेजारी तो असणं तुम्हाला पटणार नाही, मलाही पटलं नव्हतं. झाकणाचा वेगळा डबा, वेगळा कप्पा मागून घ्या. उंदीर गरम पाण्यात ठेवून पूर्ण वितळवायचा, मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही, आणि लांब चिमट्याने द्यायचा. खाल्ल्यावर दोन दिवस साप हाताळायचा नाही, नाहीतर उलटून टाकतो. डोळे दुधाळ निळे दिसले की कात टाकायला आला समजा, तेव्हाही हात लावू नये. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. पेटी स्वयंपाकघरात नको.

झाकणाची कडी रात्री स्वतः तपासा. एकदा माझ्याकडून ती अर्धवट राहिली आणि साप सकाळी फ्रिजच्या मागे, उबेला सापडला. ते तीन तास मी अपराधी मनाने घरभर फिरले. त्या थंडीत तो बाहेर गेला असता तर जगला नसता.

प्रश्न : कोल्हापूरजवळ आमच्या उसात धामणीचं पिल्लू सापडलं. डब्यात ठेवलंय. पाळू का?

उत्तर : नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामणीला संरक्षण आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे. इंग्लंडातला कॉर्न स्नेक पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेला असतो, तुझं पिल्लू रानातलं आहे. आणि ती धामणच आहे हे कोणी सांगितलं? नागाला धामण समजून धरणारे मी पाहिले आहेत. डबा उघडू नकोस, हात घालू नकोस. सावलीत ठेव आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर आजच फोन कर. धामणच निघाली तर ती त्याच उसात सोडायला सांग, तुझ्या शेतातले उंदीर ती खाईल.