मालकी रानातला झरा टिकवायचाय? आधी सातबारा बघा

प्रश्न : (दक्षिण रत्नागिरीतून) उतारावर आमचं चार एकर मालकी रान आहे. खालचा झरा पूर्वी एप्रिलपर्यंत टिकायचा, आता फेब्रुवारीतच आटतो. चर, बांध आणि झाडांसाठी सरकारी मदत मिळेल का?

उत्तर : मिळते, पण सगळं एकाच योजनेत बसत नाही. पहिल्यांदा सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना वाचा. तिथे महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, 1975 (या कायद्याने खासगी वनं सरकारकडे गेली) ची नोंद असेल तर अर्ज तिथेच अडकतो. सामाईक खातं असेल तर सर्व सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. मुंबईकर भावंडांच्या सह्या गणपतीत घेऊन ठेवा.

गाव पाणलोट प्रकल्पात (माती-पाणी अडवण्याच्या सरकारी प्रकल्पात) असेल तर खासगी जमिनीवरच्या मृद व जलसंधारण कामात मालकाचा वाटा किमान 10 टक्के, अल्पभूधारक आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के, असं 2008 च्या सामाईक मार्गदर्शक सूचनांत ठरलं होतं. तो श्रमदानानेही भरता येत असे.

लागवडीसाठी भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना पाहा. कोकणात किमान 10 गुंठ्यांना लाभ मिळतो; कोकम, जांभूळ, फणस यादीत आहेत. अनुदान तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असं येतं. पहिल्या वर्षी 80 आणि दुसऱ्या वर्षी 90 टक्के झाडं जिवंत हवीत. कमी पडल्यास नांग्या (मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा) स्वखर्चाने भरायच्या. कुंपणही तुमच्याच खर्चाचं. पूर्वसंमतीआधी खड्डा मारू नका. आणि अनुदानासाठी उभं रान साफ करणं म्हणजे झऱ्याच्या मुळावर येणं. कलमं फक्त मोकळ्या जागेत लावा.

आता चरांचं. सलग समतल चर (उताराला आडवा, एकाच पातळीत अखंड खणलेला) कोकणातल्या पावसात मी सुचवणार नाही. कातळावर मातीचा थर पातळ. चर तुडुंब भरला की कच्च्या जागी फुटतो, सगळं पाणी तिथूनच धावतं आणि नवी घळ पडते. त्याऐवजी तुटक चर घ्या : 3 मीटर लांब, 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल. वरच्या ओळीतल्या दोन चरांमधल्या जागेखाली पुढच्या ओळीतला चर यावा. समपातळी ‘ए’ फ्रेमनेच (ओळंबा लावलेली, A आकाराची लाकडी चौकट) काढा, नजरेने नको. माती खालच्या अंगाला, चराच्या काठापासून वीतभर सोडून टाका. 33 टक्क्यांहून जास्त उतारावर चर खोदूच नका.

घळीत अनगड दगडी बांध (न घडवलेल्या सुट्या दगडांचा) माथ्याकडून खाली घालत या. पाया 30 सेंमी, दोन्ही काठांत अर्धा मीटर शिरवा, उंची पाऊण मीटरपर्यंत. वरच्या अंगाचा उतार 1:1 (उभं : आडवं), खालचा 1:2. मधला भाग कडांपेक्षा 20 सेंमी खोलगट ठेवा. हे बहुतेक जण विसरतात, मग पाणी बांधाला वळसा घालून काठ कापतं. रुतलेले दगड उतारावरून उपटू नका, सुटेच वेचा.

पऱ्याच्या (छोट्या ओढ्याच्या) दोन्ही काठांना 10 ते 15 मीटर पट्ट्यात तोड पूर्ण बंद ठेवा. ठेकेदाराला तोडीसाठी रान देताना हा पट्टा करारातच वगळा. वणव्यासाठी डिसेंबरअखेर रानाच्या हद्दीवर 3 मीटर रुंद जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढा. पालापाचोळा जळला की पावसाचा थेंब थेट मातीवर आपटतो, आणि वाहून आलेल्या मातीने चर पहिल्याच पावसाळ्यात बुजतात.