पेपर मिटून ठेवू नका

“कमी मार्क पडले तर रागवायचं की समजून घ्यायचं?” चाचणीचे पेपर घरी गेले की त्या आठवड्यात समुपदेशक म्हणून मला हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर ऐकून पालक जरा नाराजच होतात. दोन्ही नंतर, आधी पेपर वाचा.

मुक्ता (नाव बदललं आहे) तिसरीत. गणितात २५ पैकी ९. तिने घरी १९ सांगितले आणि पेपर गादीखाली सरकवला. “मार्कांचं एक वेळ सोडा हो मॅडम, पण ही खोटं बोलायला कुठे शिकली?” आईचा खरा घोर हा होता.

“चांगले मार्क आले की काय म्हणता तिला?”

“आमची हुशार बाई ती, असंच म्हणतो. सगळेच म्हणतात.”

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मला अशा वेळी फार उपयोगी पडतो. त्यात काही मुलांना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘मेहनत घेतलीस’. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी घातली. ती जमली नाहीत तेव्हा ‘हुशार’ मुलांनी लवकर हात टेकले. आपले गुण फुगवून सांगणारीही त्यांच्यातच जास्त निघाली. मुक्ताचे १९ मला त्याच जातीचे वाटले. तिला बिरुद सांभाळायचं होतं.

पुढच्या भेटीत पेपर टेबलावर उघडला. वरचा लाल आकडा मी पाटीने झाकला. आईला एकच अट घातली: दहा मिनिटं काही बोलायचं नाही.

“हे कसं सोडवलंस, मला शिकवशील?”

गणित होतं ४०३ वजा १५७. मुक्ताने उत्तर लिहिलं होतं ३५४. तिने बोट ठेवत सांगितलं, “सातातून तीन गेले, चार. पाचातून शून्य गेलं, पाच. चारातून एक गेला, तीन.”

“पण तीन वर आहे ना?”

“हो, पण मोठ्यातूनच लहान वजा करायचा असतो!”

शेजारच्या गणितात ५२ वजा ३८ चे २६. तिथेही तेच. चुकलेली बहुतेक उदाहरणं याच एका नियमाने सोडवलेली होती, आणि तो नियम तिने अगदी इमानाने पाळला होता. आईने पेपर स्वतःकडे ओढला, भराभर बघितला आणि अट मोडली. “अगं, म्हणजे तुझी एकच चूक आहे!”

मुक्ताने पहिल्यांदा मान वर केली. “एकच?”

या व्यवसायात असे क्षण रोज येत नाहीत, म्हणून सांगते. इतके दिवस मी त्या घराला धीर देत होते, पण धीर आला तो या एका शब्दाने. ‘मला गणित येत नाही’ याचं मुलाला काही करता येत नाही. ‘हातचा घ्यायचा राहतो’ याचं करता येतं. रागावणं काय आणि ‘जाऊ दे, पुढच्या वेळी येतील’ म्हणणं काय, दोन्हींत पेपर मिटला जातो. म्हणून कोरडी सांत्वना मला फारशी मानवत नाही.

घरी करायचं असेल तर निकालाच्या दिवशी नको. त्या दिवशी मार्क ऐकायचे, जवळ घ्यायचं, एवढं पुरे. ‘वर्गात सगळ्यात जास्त कुणाला?’ हा प्रश्न तर कधीच नको. एक-दोन दिवसांनी बसा आणि सुरुवात बरोबर आलेल्या उदाहरणापासून करा. लाल पेन मात्र लांब ठेवा! मूल ‘शिकवत’ असताना मध्येच दुरुस्त करू नका, त्याचा नियम पूर्ण बाहेर येऊ द्या. तो वर्गशिक्षकांनाही सांगा. एवढ्या वह्यांच्या ढिगात तो त्यांच्या नजरेतून सुटलेला असू शकतो.

प्रत्येक पेपर इतका सरळ नसतो. चुकांना काहीच सूत्र दिसत नसेल, फळ्यावरचं उतरवताना अक्षरं गळत असतील किंवा नेटाने सराव करूनही महिनोन्महिने तेच चालू असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. नंतर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या विशिष्ट अडचणीची, चाचणी करून घ्या. आणि तोवर ‘आळशी’ हा शब्द घरात नको.