तोसिनोचं सांगते, पण आधी तो चमचा खाली ठेवा

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. फिलिपिन्सात, मकाती शहरात नवीन बिऱ्हाड, नाश्त्याला घरचं तोसिनो (साखरमिठात मुरवलेलं इथलं गोड पोर्क) करायची हौस, पहिला घाणा बाहेरून करपला आणि आतून राखाडी, आणि आता तुम्ही विचारताय की बेकिंग सामानाच्या दुकानातून आणलेलं सुटं गुलाबी क्युरिंग सॉल्ट, म्हणजे मांस मुरवायचं नायट्राइट घातलेलं मीठ, किलोला किती चमचे घालू. करपण्याचं शेवटी सांगते. आधी ते पाकीट, कारण माझा फ्रीजरभर माल त्याच्यापायी कचऱ्यात गेलाय.

चमच्याने मोजायची ही वस्तूच नाही. ज्याला प्राग पावडर नंबर १ म्हणतात त्यात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं, बाकी साधं मीठ, आणि ते किलोभर मांसाला २.५ ग्रॅम लागतं, म्हणजे मांसात नायट्राइट दहा लाखात साधारण १५६ भाग. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या, महाग नसतो. पण हा हिशोब टक्केवारी माहीत असेल तरच. पाकिटात जास्त कडक माल निघाला तर रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद जाते, ओठ निळे पडतात, माणूस जाऊ शकतो. गुलाबी रंग तर नुसता ओळखीसाठी घातलेला असतो, त्यावरून कडकपणा कळत नाही. (हिमालयन गुलाबी मीठ वेगळं, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. लोक घोळ घालतात म्हणून लिहिलं.)

आता माझं रामायण. मी इकडे लागुना प्रांतात राहते, ख्रिसमसला ऑफिसातल्या सगळ्यांना घरचं तोसिनो आणि लोंगानिसा (इथलं सॉसेज) द्यायचं कबूल केलेलं, आणि नेहमीच्याच दुकानातून नेहमीचंच पाकीट आणलं, वर नुसतं 'क्युरिंग सॉल्ट', ना टक्के ना बॅच. मांस मुरवून फ्रीजरमध्ये गेल्यावर बघते तर पाकिटातल्या पावडरीचा रंग आधीच्यापेक्षा बराच गडद. काउंटरवर विचारलं तर गोड हसून "पारेहो लांग पो", म्हणजे तेच आहे हो. तेच आहे तर टक्के सांगा ना! नाही. हेड ऑफिसला फोन करा. हेड ऑफिस म्हणे सप्लायरला विचारा, सप्लायर म्हणे आम्ही गोणी विकतो, पाकिटं दुकान भरतं, तिकडे विचारा. इथे सप्टेंबरपासून मॉलमध्ये ख्रिसमसची गाणी वाजतात पण डिसेंबरात फोन कोणी उचलत नाही. उत्तर आलं ते सण उलटून गेल्यावर, की ह्या वेळचा माल दुसऱ्या सप्लायरचा, "स्ट्रेंग्थ उपलब्ध नाही". आणि पाकीट उघडलेलं म्हणून पैसे परत नाहीत ते वेगळंच. तोवर मी सगळं फेकून मोकळी झाले होते. ऑफिसातल्या एकीला दिवस गेलेले, दुसरीच्या घरी तान्हं मूल, मी कशाला जुगार खेळू?

तेव्हापासून माझं ठाम मत, पटलं तर घ्या: नाश्त्याच्या तोसिनोला नायट्राइट लागतच नाही. आपण काही मांस महिनोन्‌महिने टांगून ठेवत नाही, दोनतीन दिवस फ्रीजमध्ये मुरवून पूर्ण शिजवून खातो. रंग थोडा तपकिरी येतो आणि ती हॅमसारखी चव येत नाही, इतकंच. लाल हवं तर पालेंकेत, म्हणजे मंडईत, आचुएतेच्या (लाल रंग देणाऱ्या) बिया मिळतात, कोमट पाण्यात चोळून गाळून घ्या. सालित्रे, म्हणजे सोरा, कोणी सुचवला तरी नको, त्याचं नायट्राइट व्हायला जंतू आणि वेळ दोन्ही लागतात, दोन दिवसांत काही होत नाही. प्राग पावडर नंबर २ पण नको, तो सुकवून मुरवायच्या सॉसेजचा. मी फूड सायन्सवाली नाही, पण लेबल वाचता येतं. सीलबंद, टक्के छापलेलं मिळालं तर खुशाल वापरा.

पाम्पांगा प्रांतात मांस मुद्दाम आंबवायची जुनी पद्धत आहे, कोणी शेजारीण सांगेल, चव भारीच लागते, पण ते जाणत्या हातांनी करायचं. आपण फ्रीजच.

माझं माप: किलोभर कासिम (डुकराच्या खांद्याचं मांस) बोटाच्या अर्ध्या जाडीने कापून, १८ ग्रॅम मीठ, १२०-१५० ग्रॅम ब्राऊन शुगर, भरपूर लसूण, मिरी, अर्धा कप अननसाचा रस. रस डब्यातला घ्या. ताज्या रसातलं एन्झाइम मांस पचवायला लागतं, दोन दिवसांत लगदा होतो. डबाबंद करताना रस तापवतात त्यामुळे ते मेलेलं असतं.

आणि करपतं कारण साखर आहे आणि तुम्ही थेट तेलात टाकताय. कढईत मांस बुडेल न बुडेल इतकं पाणी घालून आधी शिजवा, पाणी आटलं की स्वतःची चरबी सुटते, मग मंद आचेवर परता, शेवटी उभं राहून. फोनवर बोलत नाही.

पोर्क खात नसाल तर चिकनच्या मांडीचं करा, छान होतं. आणि खरं तर नवख्याने 'तापा' नावाच्या पदार्थापासून सुरुवात करावी, पातळ बीफ, तोयो (सोया सॉस), कालामान्सी (इथलं छोटं लिंबू), लसूण, थोडी साखर, रात्रभर, झालं. (उन्हात वाळवायच्या भानगडीत ह्या दमट हवेत पडू नका.) लोंगानिसाला आतडी मिळाली नाहीत तर खिम्याचे रोल बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीज करा, चरबी ३० टक्के तरी हवी नाहीतर भुसा होतो. विगान गावच्या लोंगानिसाची चव हवी तर लसूण आणि उसाचं व्हिनेगर (इथे त्याला सुका म्हणतात), लुकबान गावची हवी तर ओरेगानो. सोबत सिनानगाग, म्हणजे आपल्या फोडणीच्या भाताचा बिनहळदीचा लसणीचा भाऊ, त्याला शिळाच भात, आणि वर अंडं.

फ्रीजरमध्ये एका वेळेचंच पाकीट करा, चपटं. वादळाच्या दिवसांत ब्राऊनआउट झाला, म्हणजे वीज गेली, तर दार उघडू नका, आणि वितळून कोमट झालेलं मांस परत गोठवू नका, साखर कितीही असली तरी.