एएफएल (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) क्लब हंगामानंतर आपली खेळाडूंची यादी आणि मिडफिल्ड (मध्यावर चेंडूसाठी झुंजणारी फळी) कसं ठरवतो? हॉथॉर्न क्लबने २०२५ मध्ये आपला मिडफिल्डर वॉर्पेल जाऊ दिला आणि मेरेटही मिळाला नाही, मग नियोजन होतं कुठे?

नियोजन होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. जेम्स वॉर्पेल जिलाँग क्लबला गेला आणि एसेन्डन क्लबचा झॅक मेरेट ट्रेडच्या मुदतीपर्यंत आला नाही, हे दोन्ही खरं. पण एका ऑक्टोबरवरून यादीचा हिशोब करता येत नाही. तो किमान तीन वर्षांचा असतो, आणि त्यात कोणाला आणायचं याच्या आधी कोणाला सोडायचं हे ठरवावं लागतं.

आयपीएलचा लिलाव बघून तुम्ही हा प्रश्न विचारत असाल तर ती चौकट आधी बाजूला ठेवा. इथे बोली लागत नाही. पगाराला वरची मर्यादा आहे आणि खालचीही, म्हणजे मर्यादेच्या किमान ९५ टक्के पैसे खेळाडूंवर खर्च करावेच लागतात. मुख्य यादीत ३६ ते ३८ खेळाडू, त्याखाली ‘अ’ वर्गाचे ४ ते ६ रूकी (राखीव यादीतले खेळाडू), दोन्ही मिळून कमाल ४२. त्याशिवाय ‘ब’ वर्गात दुसऱ्या खेळातून किंवा परदेशातून आलेले एक-दोन जण ठेवता येतात. हॉथॉर्नचा कॉनर नॅश आयर्लंडहून याच दाराने आला आणि पुढे मिडफिल्डमध्ये पक्का झाला.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी ग्रँड फायनल (विजेतेपदाचा सामना) होते आणि लगेच धावपळ सुरू होते. आधी फ्री एजंट, मग ऑक्टोबरमध्ये ट्रेड (क्लबांमधली अदलाबदल), मग यादीतून नावं कमी करणं, नोव्हेंबरमध्ये नॅशनल ड्राफ्ट (क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं) आणि पाठोपाठ रूकी ड्राफ्ट. जागा उरली तर हंगामाच्या तोंडापर्यंत सरावाला बोलावलेल्यांतून एखाद्याला घेता येतं, आणि मे महिन्याच्या शेवटी मिड-सीझन ड्राफ्ट असतो. हा शेवटचा मार्ग फुटकळ समजू नका. जाय न्यूकमला हॉथॉर्नने २०२१ मध्ये तिथूनच उचललं.

या प्रत्येक दाराची किंमत वेगळ्या चलनात मोजावी लागते. एकाच क्लबमध्ये आठ वर्षं झालेला खेळाडू करार संपल्यावर फ्री एजंट होतो. तो क्लबच्या सर्वाधिक पगारवाल्या २५ टक्क्यांत असेल तर ‘रिस्ट्रिक्टेड’, म्हणजे जुना क्लब समोरच्या ऑफरची बरोबरी करून त्याला अडवू शकतो. अडवलं नाही तर घेणाऱ्याला फक्त पगार द्यावा लागतो, आणि गमावणाऱ्याला लीगकडून भरपाईचा पिक (ड्राफ्टमध्ये निवडीची एक पाळी) मिळतो. भरपाई नव्या कराराची रक्कम, मुदत आणि खेळाडूचं वय यावर ठरते. सर्वात वरच्या पातळीची असेल तर क्लबच्या पहिल्या पिकच्या लगेच मागचा पिक हातात येतो. वेस्ट कोस्ट २०२५ ला तळाला होता, म्हणून ऑस्कर ॲलन ब्रिस्बेनला गेल्यावर त्यांना थेट दुसरा पिक मिळाला. पण त्याच वर्षी तुम्ही स्वतःही फ्री एजंट घेतलात तर भरपाई घटते किंवा उडते. बाहेरून बघणारे हे हमखास विसरतात.

करार संपलाय पण आठ वर्षं झालेली नाहीत, अशा खेळाडूसाठी ट्रेड करावा लागतो. जुना क्लब फार ताणू शकत नाही, कारण खेळाडू प्री-सीझन ड्राफ्टमधून फुकट जाऊ शकतो. जॅक मार्टिन २०१९ मध्ये गोल्ड कोस्टमधून कार्ल्टनला असाच गेला. आणि करार चालू असेल तर सगळे पत्ते जुन्या क्लबच्या हातात. मेरेटचं तेच झालं. तो कर्णधार होता आणि त्याचा करार २०२७ पर्यंत होता. त्याला जायचं होतं, पण एसेन्डनला सोडायची काहीच सक्ती नव्हती. अशा वेळी घेणाऱ्याने आपली कमाल किंमत आधी ठरवून ठेवायची आणि शेवटच्या तासात ती ओलांडायची नाही. हॉथॉर्न थांबला ते बरोबरच केलं.

आता मिडफिल्ड. आकड्यांपासून सुरुवात करतो. प्रत्येक गोलनंतर आणि प्रत्येक क्वार्टरच्या आरंभी चेंडू मध्यावर येतो, म्हणजे सामन्यात साधारण पंचवीस ते तीस वेळा. २०१९ पासूनच्या ६-६-६ नियमामुळे त्या क्षणी दोन्ही टोकांना प्रत्येकी सहा जण अडकलेले असतात. मधल्या सहांपैकी चौघे मैदानाच्या मधल्या ५० मीटरच्या चौकोनात (एक रक, म्हणजे उडी मारून चेंडू साथीदारांकडे टोलवणारा उंच खेळाडू, आणि तीन मिडफिल्डर) आणि दोघे विंगवर, म्हणजे कडेला. बचावात जादा माणूस ठेवता येत नाही. त्यामुळे मध्यातून स्वच्छ सुटलेला चेंडू थेट एकास एक झुंजणाऱ्या फॉरवर्डकडे जातो. या पंचवीस-तीस क्षणांसाठी क्लब पहिल्या फेरीचे पिक मोजतात.

तीन जागांसाठी तीन चेंडूवेडे घेतले की काम झालं, असं नाही. एक जण खाली वाकून, अंगावर माणूस घेऊन चेंडू उचलणारा लागतो. दुसरा त्याच्याकडून हँडबॉल (मुठीने मारलेला पास) घेऊन चौकोनाबाहेर वेगाने सुटणारा. तिसरा बचावाच्या बाजूला उभा राहून समोरच्याची वाट बंद करणारा, आणि गरज पडली तर टॅगिंग करणारा, म्हणजे एकाच प्रतिस्पर्ध्याला चिकटून राहणारा. तिघेही पहिल्या प्रकारचे असतील तर क्लिअरन्सचे (मध्यातल्या झुंजीतून चेंडू बाहेर काढण्याचे) आकडे छान दिसतात, पण दाबाखाली मारलेल्या उंच किक समोरचा बचाव आरामात झेलतो. म्हणून मी नुसते क्लिअरन्स बघत नाही. क्लिअरन्समधून आलेले आणि गेलेले गुण बघतो.

शिवाय तिघांवर सामना निघत नाही. बदलींना ७५ ची मर्यादा आहे आणि मिडफिल्डर एका सामन्यात १२ ते १५ किलोमीटर धावतो. म्हणून चौकोनात जाऊ शकणारे सहा-सात जण, त्यांतले दोन-तीन मुळात हाफ-फॉरवर्ड (मध्य आणि गोल यांच्यामधले हल्लेखोर), वेगळे विंगर तीन आणि रक दोन, एवढा साठा लागतो. हाफ-फॉरवर्डवरून आत येणाऱ्यांचं महत्त्व मला सर्वात जास्त वाटतं. ते नसतील तर दमलेला मुख्य मिडफिल्डर पुढे विश्रांतीला जातो आणि तिथे काहीच करत नाही.

रकचं गणित वेगळं. दोन अव्वल रक एकत्र खेळवायचा मोह फार क्लबांना होतो. मेलबर्नने २०२२ च्या ट्रेडमध्ये मॅक्स गॉनच्या जोडीला ब्रॉडी ग्रंडी आणला, आणि वर्षभरात तो सिडनीला गेला. एकाला फॉरवर्ड लाइनमध्ये गोल करता आले नाहीत की दुसरा रक ओझं होतो. ग्रंडीचा मूळ सात वर्षांचा करार कॉलिंगवुडचा. त्याला सोडल्यावरही पगाराचा काही भाग तेच भरत राहिले. लांब करार देताना हा धोका गृहीत धरावा. २०२६ पासून मध्यावर चेंडू आपटण्याऐवजी वर फेकतात, त्यामुळे उडी मारणाऱ्या रकची किंमत वाढेल असा माझा अंदाज आहे.

यादीचा तक्ता असा मांडतात: आडव्या ओळींत जागा (रक, आतले मिडफिल्डर, विंग वगैरे), उभ्या रकान्यांत पुढची तीन-चार वर्षं. प्रत्येक नावासमोर त्या त्या वर्षीचं वय आणि करार कधी संपतो ते. आतल्या मिडफिल्डरची भरभराट साधारण २३ ते २८ मध्ये असते. १८ व्या वर्षी ड्राफ्ट झालेल्या मुलाचं शरीर आत टिकायला तीन-चार प्री-सीझन लागतात. म्हणूनच पहिल्या चार वर्षांतल्या मुलांना नोव्हेंबरमध्ये सरावाला आधी बोलावतात, मोठे खेळाडू नंतर येतात. २०२७ च्या रकान्यात भोक दिसतंय तर पोरगा २०२४ पर्यंत ड्राफ्ट झालेला हवा. नाहीतर तयार माणूस विकत घ्यावा लागणार, आणि तो नेहमी महाग पडतो. त्यातून टास्मानियाचा नवा संघ २०२८ ला उतरतोय. २०२७ च्या ड्राफ्टमधले वरचे बरेच पिक त्यांच्याकडे जाणार, म्हणून त्या वर्षाच्या पिकवर कोणी भिस्त ठेवू नये.

हॉथॉर्नने याच तक्त्यावर दोन उलट प्रयोग केलेत. २०१६ मध्ये ३४ वर्षांचा सॅम मिचेल आणि ३० वर्षांचा जॉर्डन लुइस बाहेर, टॉम मिचेल आणि जेगर ओमीरा आत. वयाच्या रकान्यात एकदम नीट. पण त्यासाठी पुढच्या वर्षीचाही पहिल्या फेरीचा पिक गेला. ओमीरा गुडघ्यामुळे २०१५ आणि २०१६ खेळलाच नव्हता. टॉम मिचेलने २०१८ ला एका सामन्यात ५४ वेळा चेंडू खेळून विक्रम केला, लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदकही जिंकलं, पण २०१९ च्या जानेवारीत पाय मोडला. २०१८ ची फायनल्स (हंगामाअखेरची बाद फेरी) सोडली तर हाती काही लागलं नाही, कारण त्या दोघांच्या मागे पोरांची फळीच नव्हती.

२०२२ मध्ये तोच सॅम मिचेल प्रशिक्षक होता आणि क्लबने टॉम मिचेल आणि ओमीरा या दोघांना सोडून दिलं. ओमीराच्या बदल्यात फ्रीमँटलहून रक लॉइड मीक मिळाला. चौकोनातल्या जागा न्यूकम, विल डे, वॉर्पेल, जॉश वॉर्ड यांना मिळाल्या. २०२३ मध्ये फक्त सात विजय, सोळावा क्रमांक. २०२४ चे पहिले पाच सामने हरले. आणि त्याच वर्षी फायनल्स गाठून सेमी-फायनल तीन गुणांनी हरले. २०२५ मध्ये प्रीलिमिनरी फायनल, म्हणजे ग्रँड फायनलच्या आधीची फेरी. दोन वर्षं मार खायची तयारी ठेवली म्हणून हे जमलं. टॉम मिचेललाही कॉलिंगवुडकडून २०२३ चं विजेतेपद मिळालं, म्हणजे तयार संघाला शेवटची एक जागा भरायला तो योग्यच होता.

२०२५ च्याच ट्रेडमधलं मेलबर्नचं उदाहरण बघा. क्रिस्टियन पेट्राका गोल्ड कोस्टला गेला तेव्हा पहिल्या फेरीचे पिक मिळाले. क्लेटन ऑलिव्हर जीडब्ल्यूएसला (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) गेला तेव्हा जवळपास काहीच नाही, उलट पगाराचा भाग मेलबर्नच्या गळ्यात राहिला. दोघेही २०२१ च्या विजेत्या मिडफिल्डचे खांब. फरक पडला तो ऑलिव्हरच्या अलीकडच्या फॉर्ममुळे आणि त्याच्या २०३० पर्यंतच्या करारामुळे.

आता तुमच्या मूळ शंकेकडे. वॉर्पेल गेला याचा अर्थ आत घुसून चेंडू काढणारा एक जण कमी झाला. डे २०२५ मध्ये पायाच्या दुखापतीने बराच काळ बाहेर होता, त्यामुळे न्यूकमवर भार वाढतो, हा खरा धोका. पण वॉर्पेल सुटकेच्या वेगाचा खेळाडू नव्हता, आणि त्याला अडवायला लांब, जड करार द्यावा लागला असता. वॉर्ड आणि कॅम मॅकेन्झी यांना चौकोनात पाठवायचं तर जागा रिकामी करावीच लागणार होती. मेरेट आला असता तर संघ लगेच सुधारला असता यात शंका नाही. तो मात्र तिशीचा, म्हणजे दोन-तीन वर्षांचा उपाय. त्यासाठी पहिल्या फेरीचे दोन पिक ठीक, त्याहून पुढे नाही.

योजना फसते आहे का हे तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर सामन्यानंतर चेंडूच्या एकूण आकड्याऐवजी सेंटर बाउन्सची हजेरी बघा, म्हणजे चेंडू मध्यावर येतो तेव्हा कोण किती वेळा चौकोनात होता ते. न्यूकम सतत ८५ टक्क्यांच्या वर आणि वॉर्ड-मॅकेन्झी चाळिशीच्या खाली दिसले, तर समजा की प्रशिक्षकाचा पोरांवर अजून भरवसा बसलेला नाही आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये क्लब पुन्हा तयार मिडफिल्डर शोधायला निघणार.