दत्तक कुत्री आणि तुझी शंका

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

कुत्री घरी आणल्यापासून झोप लागत नाही, मायेऐवजी दडपण वाटते आणि तसे वाटते म्हणून स्वतःचीच लाज वाटते, असे तू लिहिले आहेस. लाज वाटून घेण्याचे काहीच कारण नाही. चार-पाच वर्षांचे जनावर घरात आले की आपली झोप, दिनक्रम, बाहेरगावी जाण्याची मोकळीक हे सारे एका दिवसात बदलते, माया मात्र एका दिवसात उत्पन्न होत नाही, आणि मधल्या काळात शंकेला भरपूर वाव मिळतो. माझे सांगणे एवढेच, की निर्णय बरोबर की चूक हे आज ठरवू नकोस. जिच्याविषयी तो ठरवायचा ती कुत्री तुला अजून दिसलेलीच नाही, तुला दिसते आहे ते तिचे भय.

ती ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे अंग चोरून बसते, तू खोलीतून गेल्यावरच ताटलीला तोंड लावते आणि लिफ्टचे दार उघडले की चारही पाय रोवते. यात हट्ट मुळीच नाही. जिचे आयुष्य आधी रस्त्यावर आणि मग निवारा केंद्रात गेले, तिला हलणारी बंद खोली आणि पाय घसरणारी गुळगुळीत फरशी ठाऊक असणार कुठून? तिच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुन्या सतरंज्या अंथर आणि काही दिवस तिला जिन्याने ने. टक लावून पाहू नकोस, वाकून डोक्यावर हात ठेवू नकोस; थोडे अंतर राखून, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बस आणि आपले वाचत राहा. झोप आलेली नसताना जांभई देणे, वारंवार ओठ चाटणे, तोंड फिरवणे या बहुधा अस्वस्थतेच्या खुणा असतात. त्या दिसल्या की मागे सर. गुरगुरली तरी रागावू नकोस, कारण गुरगुरणे ही पूर्वसूचना आहे आणि ती दडपली तर पुढे सूचनेवाचून चावण्याचा धोका असतो.

दत्तक देणाऱ्या संस्थांमध्ये तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशेब सांगतात: तीन दिवस धास्तीचे, तीन आठवडे घराची रीत कळण्याचे आणि तीन महिने विश्वास बसण्याचे. हा ढोबळ अंदाज आहे. काही कुत्र्यांना वर्षही लागते. तरी तो उपयोगाचा आहे, कारण त्यामुळे रोज सकाळी स्वतःच्या मायेची परीक्षा घेण्याची सवय सुटते. तू फक्त वेळा पाळ: फिरणे त्याच वेळी, जेवण त्याच वेळी. बाहेर नेताना गळ्यातला पट्टा आणि हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा, दोन्ही असू देत, कारण घाबरलेली कुत्री गळ्यातला पट्टा सहज काढून पळते.

मात्र प्रत्येक गोष्ट भीतीच्या खात्यावर मांडू नकोस. भूक मंदावणे आणि मरगळ ही गोचीड तापाचीही लक्षणे असतात आणि रस्त्यावरून आलेल्या कुत्र्यांत तो बराच आढळतो. पशुवैद्यांकडून रक्त तपासून घे, आणि रेबीजच्या लशीची नोंद आहे का तेही पाहा.

सोसायटीतल्या शेजाऱ्यांचा धाक बाळगू नकोस. कुत्रा पाळण्यास सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. तू जिना आणि आवार स्वच्छ ठेव आणि परवाना काढ.

एवढे करूनही काही महिन्यांनी तुमचे जुळलेच नाही, किंवा घरात कोणाला इजा होण्याची वेळ आली, तर तिला संस्थेकडे परत देण्यात पाप नाही. दत्तकपत्रात त्याची अट बहुधा असते, ती आजच वाचून ठेव. रस्त्यावर सोडणे मात्र निर्दयपणा आहे, आणि उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. तू तसे करणार नाहीस हे मी जाणते.

रक्ताचा अहवाल आला की कळव.

तुझी हितचिंतक