रँडच्या आधी उंदीर

प्रिय,

प्लेगवरच्या प्रबंधाचा तुझा आराखडा वाचला. विषय चांगला निवडलास, पण पसारा फार मांडलास. सहाव्या शतकातली, रोमन सम्राट जस्टिनियनच्या काळातली साथ, मग चौदाव्या शतकातला युरोपातला ‘काळा मृत्यू’ आणि शेवटी मुंबई-पुणे, असा तुझा बेत दिसतो. पहिल्या दोघांवर निम्मा प्रबंध खर्ची पडतोय. ती पानं कापून टाक. तिथं तुला लॅटिन येत नाही, ग्रीक येत नाही, म्हणजे सगळं दुसऱ्यांनी चावून दिलेलं. मुंबई-पुण्याचे कागद मात्र तुला स्वतःला वाचता येतात, एवढंच नव्हे, तू ते वाचलेच पाहिजेत.

जुन्या साथींतल्या दोनच गोष्टी ठेव. पहिली, तो प्लेगच होता हे कळलं कसं. बखरकार ‘गाठ आली आणि तीन दिवसांत माणूस गेला’ असं लिहून ठेवतो, त्यावरून शेकडो वर्षं नुसता तर्क चालला. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड इथल्या दफनभूमीतल्या सांगाड्यांच्या दातांतून 2011 मध्ये प्लेगच्या जंतूचा जनुकक्रम मिळाला. 2013 मध्ये बव्हेरियातल्या सहाव्या शतकातल्या थडग्यांतही तोच जंतू सापडला. म्हणून अथेन्सच्या साथीला बेधडक प्लेग म्हणू नकोस, तसा पुरावा नाही. दुसरी गोष्ट, काळ्या समुद्राकाठच्या काफा बंदराच्या वेढ्यात मंगोलांनी प्रेतं तटावरून आत फेकली ही कथा. ती ज्याने लिहिली तो बहुधा तिथे हजरच नव्हता. कथा सांग, पण हेही सांग.

आता मुंबई. सगळ्यात आधी पाच वर्षं एका कागदावर एकाखाली एक लिहून भिंतीवर लाव. 1894: हाँगकाँगमध्ये येर्सिनला जंतू सापडला, त्याच वेळी किटासाटोही तिथेच शोधात होता. 1896: सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला. 1897: साथरोगाचा कायदा आणि पुण्यातल्या झडत्या. 1898: कराचीत पॉल-लुई सिमाँ यांचा प्रयोग. 1905 नंतर: मुंबईतल्या संशोधन आयोगाने सिमाँ यांचं म्हणणं खरं ठरवलं. आता मधल्या मोकळ्या जागा बघ. जंतू माहीत होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा हे माहीत नव्हतं. तुझा प्रबंध त्या मोकळ्या जागेत आहे. लोक येतात ते थेट गणेशखिंडीच्या रस्त्यावर, 22 जून 1897 च्या रात्री, चापेकरांनी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली तिथे. तू तिथं उशिरा पोच.

सिमाँ यांचा प्रयोग नीट समजून घे, कारण तो समजला की बाकीचं आपोआप उलगडतं. त्यांना एक गोष्ट खटकली होती. नुकताच मेलेला उंदीर हाताळणारे आजारी पडत, मरून बराच वेळ झालेला उंदीर उचलणाऱ्याला मात्र काही होत नसे. जंतू उंदराच्या अंगात असेल तर असं का व्हावं? कराचीतल्या हॉटेलातच त्यांनी मोठ्या काचेच्या बरणीत तळाला वाळू घातली आणि पिसवा असलेला आजारी उंदीर तीत सोडला. तो मरायला टेकल्यावर छोट्या जाळीच्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर वाळूच्या वर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणं शक्य नव्हतं. पहिला मेला, काही दिवसांत दुसराही मेला, प्लेगनेच. उंदराचं प्रेत गार पडलं की पिसवा ते सोडतात आणि दुसरं ऊबदार अंग शोधतात. ते उंदराचं मिळालं तर ठीक, नाहीतर माणसाचं. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून गाठ बरेचदा जांघेत येते.

वैद्यकीय जगाने सिमाँ यांना वेड्यात काढलं. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर जमणाऱ्या पिसवा मोजल्या, आणि आयोगाने परळला पिंजऱ्यांचे प्रयोग केले. जमिनीवरच्या पिंजऱ्यातले प्राणी मेले, पिसवांची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले वाचले. सगळा वाद त्या थोड्याशा उंचीने मिटवला.

हे डोक्यात ठेवून मांडवीत जा. बंदराला लागून धान्याच्या वखारी, तळमजल्यावर पोती, वरच्या मजल्यांवर खोल्यांत दाटीवाटीने माणसं. महापालिकेने काय केलं? गटारं समुद्राच्या पाण्याने धुतली, घरांत कार्बोलिक जंतुनाशक फवारलं, चुना मारला, कौलं काढून उजेड आत घेतला, रोग्याचं सामान जाळलं. रोगी घरातून काढून इस्पितळात, घरची माणसं वेगळ्या छावणीत. दुर्गंधीशी आणि माणसांशी लढाई चालली होती, आणि उंदीर शेजारच्या चाळीत बिऱ्हाड हलवत होते. रोगी असा ओढून नेण्याने लोक किती बिथरले होते ते बघायचं असेल, तर ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर केलेला हल्ला वाच.

इथं एक सावधगिरी. अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हतं म्हणून ते निर्दोष, असा निष्कर्ष काढू नकोस. आणि ठाऊक नसताना केलं म्हणून ते राक्षस, असाही नको. अज्ञान आणि अरेरावी या दोन वेगळ्या वह्या आहेत. गटार धुणं हे अज्ञान. बायकांची तपासणी गोऱ्या शिपायांनी करणं, देवघरात बूट घालून शिरणं, ही अरेरावी, आणि तिला कुठल्याही शास्त्राची गरज नव्हती. 4 फेब्रुवारी 1897 चा कायदा काढून वाच. चारच कलमं. शेवटचं कलम सांगतं, या कायद्याखाली सद्हेतूने काही केलं तर त्याबद्दल दावा लावता येणार नाही. हाच कायदा 2020 मध्ये आपल्याकडे पुन्हा हाताशी घेतला गेला, हे तुझ्या पिढीला सांगायची गरज नाही.

पुण्याच्या प्रकरणात तू सावित्रीबाईंचा मृत्यू आणि रँडच्या झडत्या एकाच परिच्छेदात घातल्यास. तारखा बघ. सावित्रीबाई 10 मार्च 1897 ला गेल्या, लष्कराच्या घरोघर झडत्या त्यानंतर, मार्चच्या मध्याला सुरू झाल्या. मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणलं, आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात. सरकार काय करणार याची वाट न बघता चाललेलं ते काम होतं, आणि ते स्वतंत्रपणेच मांडायला हवं. आपल्याकडे प्रत्येक गटाला प्लेगमधलं आपलं एक माणूस हवं असतं. एकाला चापेकर, एकाला टिळक, एकाला सावित्रीबाई. या ओढाताणीत प्लेग बिचारा कुणाचाच राहत नाही. गोखल्यांचं प्रकरणही विसरू नकोस. शिपायांच्या अत्याचारांबद्दल त्यांनी विलायतेत जाहीर आरोप केले, पुरावा देता येईना, तेव्हा माफी मागावी लागली. ऐकीव गोष्ट आणि सिद्ध होणारी गोष्ट यांतलं अंतर त्या वर्षी किती महाग पडलं, ते यातून दिसतं.

प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिनवर एक प्रकरण हवंच. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला अगदीच तुटपुंजी जागा मिळाली होती. जंतू वाढवायला त्याने मांसाच्या सारावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, त्यांना धरून जंतूंच्या जटा खाली लोंबत. मग ते तापवून मारायचे आणि टोचायचे. 10 जानेवारी 1897 ला त्याने आधी स्वतःला टोचून घेतलं, नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना, जे ‘स्वेच्छेने’ पुढे आले. त्या शब्दाला मी अवतरणचिन्ह दिलंय, तूही दे. तुरुंगात स्वेच्छा म्हणजे काय हे विचार. पंजाबात मुलकोवालला 1902 मध्ये टोचलेल्यांपैकी 19 माणसं धनुर्वाताने गेली. दोष हाफकिनवर आला, तो धुऊन निघायला 1907 उजाडलं.

आकड्यांबाबत एकच सांगतो. प्लेगच्या मृत्यूंचे नोंदलेले आकडे जसेच्या तसे घेऊ नकोस. घरात प्लेग निघाला की छावणीत रवानगी, म्हणून लोक मृत्यू ‘तापा’च्या नावावर घालत. त्या आठवड्यातले सगळ्या कारणांचे एकूण मृत्यू काढ आणि आदल्या वर्षांच्या त्याच आठवड्याशी ताडून बघ. फरक बोलेल. जनगणनाही बघ: मुंबई 1891 मध्ये 8 लाख 21 हजार, 1901 मध्ये 7 लाख 76 हजार. वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटली.

खेड्यांकडे तुझं लक्षच गेलेलं नाही. ‘उंदीर पडायला लागले’ की गाव ओस करून रानात झोपड्या घालायच्या, ही रीत आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अगदी परवापर्यंत होती. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात तर मुंबईच्या साथीच्या आधीपासून लोक हेच करत. पिसू कुणाला ठाऊक नव्हती, पण उंदीर आणि माणूस यांच्या मरणाचा क्रम ठाऊक होता. सिमाँ यांच्या प्रयोगाशेजारी हे ठेव, त्यांच्या खाली नको.

आणि शेवटचं प्रकरण 1897 वर संपवू नकोस. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात लोकांनी घरं सोडली, धान्य मात्र तिथेच साठवलेलं राहिलं. उंदरांना रान मोकळं मिळालं. 1994 च्या ऑगस्टात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवांचा उपद्रव, मेलेले उंदीर आणि मग गाठीचे रुग्ण, अगदी पुस्तकात लिहिलेल्या क्रमाने. सप्टेंबरात सुरत. तिथं फुफ्फुसाचा प्लेग, म्हणजे उंदीर-पिसू मधे न येता खोकल्यातून माणसाकडून माणसाला. लाखो लोक गाडी मिळेल तिकडे पळाले, टेट्रासायक्लिन हे प्लेगवरचं औषध दुकानांतून गायब झालं. हा खरंच प्लेग आहे का यावर तेव्हा मोठा वाद झाला, तोही सविस्तर लिही. सुरतेचं सगळ्यांना आठवतं, मामल्याचं कुणाला नाही. तुझी सुट्टी लागली की आधी बीडला जा. तिथं त्या वेळचे आरोग्यसेवक आता निवृत्त झाले असतील, पण बोलतील. वही घेऊन जा, मोबाईलवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचार.

मुंबईच्या कागदांसाठी एल्फिन्स्टन कॉलेजातल्या राज्य पुराभिलेखागारात अर्ज लवकर टाक. 1897 चे ‘केसरी’चे अंक वाचताना अग्रलेखांवरच थांबू नकोस, आतल्या पानांवरचा स्थानिक मजकूर आणि जाहिरातीही उतरवून घे. आराखडा सुधारून पाठवशील तेव्हा पानांना क्रमांक घाल, मागच्या वेळी राहिले होते.

तुझा,
सर